दह्याच्या डब्यांचं बटण

ऑस्ट्रेलियातल्या डॅन्डेनाँगच्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये नायरी सकाळपासून हवेत होती. पाय जमिनीला लागत नव्हते. माशा मारायच्या फवाऱ्याचं बटण आज तिच्या साच्यातून निघत होतं, आणि तेही कशाचं, तर लोकांनी पुन्हा वापरायच्या कचऱ्याच्या पिवळ्या झाकणाच्या पेटीत टाकलेल्या दह्याच्या नि आइस्क्रीमच्या डब्यांचं. नवं प्लॅस्टिक त्यात चिमूटभरही नव्हतं. फवाऱ्याच्या डब्यावर वेगळी टोपी नको, आत वेगळा तुकडा नको. एकच बटण, वळवलं की बंद, उलटं वळवलं की मोकळं. रंग निलगिरीच्या जुन्या पानाचा, राखी, किंचित हिरवा. नायरीला तो रंग पोटच्या पोरासारखा गोड वाटायचा.

फवाऱ्याचे डबे भरणाऱ्या कंपनीची एल्स्पेथ बटणं बघायला आली होती. उन्हाळ्याच्या मालाला कुठली बटणं घ्यायची, ते ती आजच ठरवणार होती. नायरीचं पसंत पडलं तर घरोघरी तिचंच बटण दाबलं जाणार. नाही पडलं तर पुन्हा तीच नव्या प्लॅस्टिकची टोपी, आणि नायरीचा साचा फडताळात धूळ खात पडणार.

त्या शेडची रीत होती, पहिला ट्रे गिऱ्हाइकाचा. मिर्को, तिथला सगळ्यात जुना कारागीर, यंत्राशेजारून कोमट ट्रे घेऊन आला आणि त्याने तो एल्स्पेथपुढे असा ठेवला, जणू भट्टीतला पाव. एल्स्पेथने एक बटण भरलेल्या डब्यावर बसवलं, बोट ठेवलं, दाबलं.

टच् झालं. बटण उभं चिरलं आणि फवारा तिच्याच मनगटावर आला.

दुसरं चिरलं. तिसरंही. एल्स्पेथ हात पुसत राहिली. जुन्या डब्यांच्या प्लॅस्टिकचं बटण करू म्हणणारे तिला आधीही भेटले होते आणि सगळ्यांचं असंच फुटलं होतं, हे तिने फार हळू आवाजात सांगितलं.

"मला हे हवंय, नायरी. अगदी मनापासून हवंय. पण एखाद्या पोराच्या हातात फुटलं, तर त्याच्या आईला मी काय सांगू?"

मिर्को गप्प बसणाऱ्यातला नाही. दह्याच्या डब्याचं शेवटी दहीच होणार, असं तो पुटपुटला. एरवी नायरीने त्याला चांगलं सुनावलं असतं. आता ती फुटलेला तुकडा उजेडात धरून उभी होती. चिरेत तिने नख घातलं, तर कांद्याच्या पातीसारखा पापुद्रा सुटून आला. त्याखाली दुसरा. आणि दोन्हींच्या मध्ये दुधाळ, बारीक रेघ.

तिने तुकडा मिर्कोपुढे धरला.

"मिर्को, काल जाताना यंत्र धुतलंस?"

"अगं, म्हणजे काय? न धुता घरी गेलो तर माझी आई थडग्यातून उठून येईल."

"आणि धुण्याचे दाणे आतच ठेवलेस."

"मग कुठे ठेवू, खिशात? तूच नाही का ठेवत रोज?"

खरंच, तीही ठेवायची. सगळेच ठेवायचे. संध्याकाळी यंत्राच्या नळीत धुण्याचे, वेगळ्याच प्लॅस्टिकचे कडक दाणे भरून जायचं आणि सकाळी नवा माल त्यांना ढकलून बाहेर काढायचा. नवं प्लॅस्टिक दाट असतं, ते एका झटक्यात सगळं पुढे लोटतं. हे डब्यांचं प्लॅस्टिक मात्र पातळ. ताकाने घट्ट दही ढकलावं तसं ते बाजूने निसटून पुढे येत होतं, आणि मागे राहिलेलं थोडं थोडं त्यात उतरत होतं. दोन्हींचं आपसात जमत नाही, म्हणून पापुद्रे. गिऱ्हाइकाचा मानाचा ट्रे म्हणजे यंत्राने भरलेल्या चुळीचं पाणी होतं.

तिने एल्स्पेथला थांबायला सांगितलं. विनवलं नाही, फक्त पापुद्रा तिच्या तळहातावर ठेवला. एल्स्पेथने तो नखाने उलगडून पाहिला आणि खांद्यावरची बॅग खाली ठेवली.

मग यंत्र सुरू झालं. साचा उघडे, मिटे, उघडे, मिटे. बटणं टपटप पडत, मिर्को त्यातलं एक उचले, पकडीने तोडे, उजेडात धरे आणि मान हलवे. रेघ अजून आहे. अजून आहे. आता केसाएवढी. जेवणाची सुट्टी झाली तरी कुणी हललं नाही. बाजूच्या यंत्रावरची माणसंसुद्धा सँडविच हातात घेऊन येऊन उभी राहिली.

मिर्कोने आणखी एक तोडायला घेतलं. ते तुटेना. वाकलं, पिळवटलं, पण तुटेना. त्याने पकड नायरीच्या हातात दिली.

एल्स्पेथने स्वतः ट्रेमधून एक उचललं, बसवलं, वळवलं, दाबलं. फुस्स करून फवारा निघाला आणि भिंतीवरच्या तपकिरी कागदावर ओला गोल उमटला, गच्च भरल्या झेंडूसारखा. तिने पुन्हा दाबलं. डबा फरशीवर आपटला, उचलला, पुन्हा दाबलं. दुसरं बटण, तिसरं बटण. कागदभर झेंडू फुलले, आणि तरी ती थांबेना. आता ती तपासत नव्हती, खेळत होती.

हवा तर रंग पांढरा करता येईल, असं नायरी घाईघाईने म्हणाली, तर एल्स्पेथने डोळे वटारले.

"रंगाला हात लावलास तर बघ. बटण कशाचं झालंय, ते लोकांना दिसू दे."

तिने तिथूनच आपल्या माणसांना फोन लावला. जुन्या टोप्या नकोत, एवढंच सांगितलं, आणि कानाला फोन तसाच धरून विचारलं, की पहिली गाडी कधी पाठवू. उत्तर द्यायला नायरी जागेवर होतीच कुठे? ती यंत्रापाशी पोचली होती आणि डब्यांपासून केलेल्या दाण्यांची नवी गोणी दातांनी फोडत होती.