दर्भाचा पदू

हर्षला कळंबच्या घरी माडीवर बसून जर्मनीच्या, हॉलंडच्या पर्यटकांना कॅरिबियन बेटांवर कसं जायचं ते सांगायची. पासपोर्टची मुदत बघून घ्या, परतीचं तिकीट हाताशी ठेवा. मार्टिनिक म्हणजे फ्रान्सच, तिथे तुमचं ओळखपत्रही चालेल. बार्बाडोसला लष्करी छापाचे कपडे नेऊ नका, तिथे कायद्याने बंदी आहे. मुंबईच्या कंपनीची ही नोकरी तिने धरली ती वडिलांमुळे, पदूमुळे. तो प्रवासी जहाजावर लॉन्ड्रीत होता. ही सगळी नावं तिने लहानपणी त्याच्याच तोंडून ऐकली होती.

तो त्याच समुद्रात गेला. छातीत कळ आली आणि संपला. जहाजाने देह बार्बाडोसला उतरवला. मोतीबाई, हर्षलाची आई, कुणाशी बोलण्याच्या अवस्थेत नव्हती, म्हणून पदूच्या धाकट्या भावाने, धाकलूने, परस्पर होकार दिला आणि दहन तिथेच झालं. अस्थी तिथल्या अंत्यविधी करणाऱ्यांकडे राहिल्या.

इकडे धाकलूच्या मुलाचं, कमलेशचं लग्न तोंडावर आलेलं. सुतक लांबलं असतं तर मुहूर्त गेला असता. भटजी का-कू करत होते, पण देह सापडला नाही तरच करतात तो दर्भाचा पुतळा धाकलूने त्यांच्याकडून करवून घेतला, नदीकाठी त्याला अग्नी दिला आणि दिवस उरकले. अस्थी तिथेच समुद्रात सोडा, असंही त्याने जहाज कंपनीला सांगून टाकलं.

हर्षलाने लगेच उलट कळवलं, सोडू नका, मी न्यायला येते.

काकाला हे कळलं तेव्हा अंगणात मांडवाचे बांबू उतरत होते.

"एकदा अग्नी दिला ना गं त्याला? आता परत सुतक धरायचं काय आमी?"

"अग्नी दिलात तो गवताला, काका."

मग काकाने पुष्कळ ऐकवलं. समुद्र सगळा एकच. मुलीच्या जातीने असल्या कामाला सातासमुद्रापार गेलेलं गावात कुणी बघितलं नाय. लोक तोंडात शेण घालतील. मुद्द्याचं तो शेवटी बोलला : लग्न होईस्तोवर तरी थांब.

"बाबा परक्यांच्या कपाटात थांबलेत. तेवढं थांबणं पुरे झालं."

वातावरण हलकं करायला कमलेश म्हणाला, "ताई, तिकडची रम लई भारी असते म्हणतात." बापाने डोळे वटारताच तो बांबू मोजायला निघून गेला.

बार्बाडोसला उतरायला तिला व्हिसा नको होता. वाटेत लंडनला नुसतं विमान बदलायला हवा होता. तोही तिने काढला. बेटावरच्या अधिकाऱ्याने विचारलं, सुटी की काम? दोन्ही नाही, ती म्हणाली, वडिलांना घरी न्यायला आलेय. त्याने मान वर करून तिच्याकडे पाहिलं आणि शिक्का मारला. अस्थींसाठी तिने लाकडी पेटी मागितली. धातूची असती तर एक्स-रेत आतलं दिसलं नसतं आणि विमानतळावर अडवलं असतं.

ती घरी पोचली त्या दिवशी हळद होती. काका फाटकातच आडवा आला. डोक्याला फेटा, अंगाला हळदीचा वास.

"हर्षला, पाया पडतो तुझ्या. घरात नको नेऊ."

"घरात नेतच नाही. अस्थी झाडाला बांधतात, ही आपलीच रीत ना?"

त्याला वळसा घालून ती आत आली. मांडवाला लागूनच आंबा होता. पेटीची पिशवी तिने खालच्या फांदीला घट्ट बांधली, मांडवातली खुर्ची ओढली आणि झाडाखाली बसली.

बँड थांबला. मोतीबाई ओसरीवरून उतरली, तिनेही एक खुर्ची ओढली आणि लेकीच्या शेजारी ठेवली.

"हळद बंद करायची तर तुम्ही करा, काका," हर्षला म्हणाली. "बाबांची काही हरकत नाही."

बँडवाले धाकलूकडे बघत होते, धाकलू हर्षलाकडे. ती जागची हलली नाही.

शेवटी काकाने फेटा काढून काखेत धरला आणि तो झाडाखाली भावापाशी आला.