उंबऱ्याबाहेरची सायकल

मी बोलतेय, जिन्याखालून. होय, तीच लाल सायकल, जिच्या हँडलात तुमच्या पिशव्या अडकतात आणि तुम्ही चरफडत वर जाता. जरा घाईत बोलणार आहे, कारण वर कडी वाजली की मला निघायचं असतं. खरं सांगायचं तर मला उभं राहताच येत नाही. स्टँडवर कलून राहणं याला तुम्ही उभं राहणं म्हणत असाल तर म्हणा बापडे. माझा सगळा जीव तेव्हा चाकांत अडकलेला असतो.

माझा जन्म कारखान्यातला. नळ्या जोडल्या, रंग चढला, चाकं बसली. मग एका माणसाने माझं मागचं चाक हाताने गरकन फिरवलं आणि कान देऊन ऐकलं. त्या एका फेरीत मला कळून चुकलं की आपण कशासाठी आहोत. लगेच त्याच माणसाने हँडल आडवं वळवून मला खोक्यात भरलं.

माझा पहिला मालक म्हणजे दादा. दादाच्या पोटाविषयी डॉक्टरांनी काहीतरी खरमरीत सुनावलं होतं. त्या तिरीमिरीत त्याने मला घेतलं, शिवाय हेल्मेट, हातमोजे, पाण्याची बाटली आणि चटकन वाळणारा पिवळा शर्ट. पहिल्या दिवशी त्याने माझ्याबरोबर इतके फोटो काढले की निघायलाच ऊन झालं. आठवड्यातच उत्साह ओसरला आणि मी गॅलरीत गेले. हँडलावर टॉवेल, सीटवर पायपुसणं, कॅरियरवर कांद्यांची टोपली. खाली रस्त्यावरून दुसऱ्या सायकली जायच्या तेव्हा माझ्या जिवाची नुसती तगमग व्हायची. पण बोलणार कशी? मला आवाज म्हणजे एक घंटी, आणि तीही दुसऱ्याच्या अंगठ्याच्या मर्जीवर.

एके दिवशी दादाची धाकटी बहीण आली. तिला सगळे धाकटीच म्हणतात, अगदी सासरीसुद्धा. बोलता बोलता तिने माझ्यावरचा टॉवेल उचलला आणि पेडल पायाने मागे फिरवलं.

"दादा, ही मला दे. मी कामाला सायकलने जाणार आहे."

"तू? बसने जातेस ना चांगली?"

"बस नको झालीय."

"ने बाई. नाहीतरी अडगळच आहे."

अडगळ हा शब्द मला फार लागला. पण धाकटीने मला जिन्यावरून उतरवलं, कांद्याची सालं झटकली आणि त्याच पावली चालवत घरी नेलं. त्या रस्त्यात मी तो शब्द विसरले.

धाकटीच्या घरी तिघं. ती, तिचा नवरा आणि सासूबाई. नवरा अँब्युलन्स चालवतो. धाकटी एका कंपनीत तक्रारी ऐकते. बिनखिडकीच्या खोलीत कानाला हेडफोन लावून बसायचं आणि कुणाचा फ्रिज गार होत नाही, कुणाच्या मशीनमधून पाणी गळतं, ते दिवसभर ऐकून घ्यायचं. समोरचा कितीही ओरडला तरी आपण गोड आवाजात म्हणायचं, "आपली गैरसोय झाली, त्याबद्दल आम्ही दिलगीर आहोत. आपली तक्रार नोंदवून घेतली आहे." ही वाक्यं तिच्या जिभेवर इतकी बसली आहेत की पहिल्या दिवशी खड्ड्यात चाक आदळलं तेव्हा ती त्या खड्ड्यालाच म्हणाली, "आपली गैरसोय झाली, त्याबद्दल दिलगीर आहोत." आणि एकटीच खो-खो हसत सुटली. असं हसताना तिला घरात मी कधी ऐकलं नाही.

घरात एक नियम आहे. चपला आणि कामाचं बोलणं उंबऱ्याच्या बाहेर. नियम सासूबाईंचा. सासरे आगीच्या बंबावर होते. लग्नाच्या सुरुवातीला ते घरी येऊन सगळं सांगायचे आणि मग दोघांपैकी कुणालाच जेवण जायचं नाही. तेव्हा सासूबाईंनी सांगून टाकलं की बाहेरचं बाहेर. मुलगा त्याच शिस्तीत वाढला, सुनेने ती निमूटपणे उचलली. त्यामुळे घरात भाजी, वीजबिल आणि शेजारच्यांची भांडणं एवढेच विषय. आत कुणी तोंड वर करून विचारत नाही की आज काय झालं.

मला आत जागा नव्हती, म्हणून मी जिन्याखाली. म्हणजे मीही उंबऱ्याबाहेरचीच.

सुरुवातीचे दिवस काय सांगू! सकाळची रिकामी गल्ली, पूल, पुलाखालचा गार वारा. चढावर धाकटीला धाप लागायची, पिंढऱ्या भरून यायच्या, पण ती उतरून चालायची नाही. ऑफिसपाशी पोचल्यावर मला खांबाला कुलूप लावताना तिचा चेहरा लालबुंद झालेला असायचा, आणि तरी ती हेडफोनच्या खोलीत शिरण्याआधी माझ्या सीटवर दोनदा थाप मारायची. मी दिवसभर त्या खांबापाशी संध्याकाळची वाट बघत चुळबुळत असायचे.

आणि मग एका पहाटे तिचा नवरा खाली आला. त्याची पाळी लवकरची असते. तो माझ्यापाशी उकिडवा बसला. मला वाटलं, आता हा चेन पुसेल. त्याने व्हॉल्व्हचं टोपण काढलं आणि आत नख दाबलं. फुस्स. मग दुसऱ्या चाकाचं. सगळी हवा गेल्यावर त्याने दोन्ही टोपणं जागेवर नीट घट्ट बसवली, हात पुसले आणि तो कामाला गेला.

सकाळी धाकटी माझ्याकडे बघतच राहिली. "कुणाचे हात शिवशिवतात कुणास ठाऊक," ती पुटपुटली आणि बसने गेली. संध्याकाळी येताना तिने पंप आणला. दुसऱ्या दिवशी पुन्हा हवा नाही. तिने पदर खोचावा तशी ओढणी खोचली, हवा भरली आणि उशिरा का होईना, निघाली. असं बरेच दिवस चाललं. तो पहाटे काढायचा, ती सकाळी भरायची. रात्री दोघं एकाच ताटलीतल्या भाजीविषयी बोलायची.

मला सगळं ठाऊक होतं आणि मला सांगता येत नव्हतं. या अस्वस्थपणाला तुमच्याकडे काय म्हणतात मला माहीत नाही. गंजापेक्षा वाईट असतो एवढं खरं.

मग त्याने पद्धत बदलली. एका पहाटे फक्त पुढच्या चाकाची हवा काढली, तीही थोडीशी, दिसून येणार नाही इतकी. काढताना स्वतःशीच म्हणाला, "जड गेली की आपणच सोडेल." त्याच्या आवाजात राग नव्हता. मला तर तो रडवेला वाटला.

त्या दिवशी मी खरोखरच जड गेले. धाकटीला वाटलं, आपल्यालाच थकवा आला आहे. संध्याकाळी परतताना आमच्या गल्लीच्या वळणावर कुणीतरी बांधकामाची वाळू टाकून ठेवलेली होती. ताठ चाकाने मी ती सहज कापली असती. पण माझं पुढचं चाक लिबलिबीत झालेलं, ते वाळूत फताडं पसरलं आणि घसरलं. मागे टेम्पो होता. त्याचा ब्रेक करकचला. धाकटी एकीकडे, मी दुसरीकडे, आणि टेम्पोचं चाक तिच्या ओढणीच्या टोकावर येऊन थांबलेलं.

तिने ओढणी ओढून घेतली, उठली आणि मला हाताने ढकलत घरी निघाली. 

नवरा जिन्यात भेटला. तिच्या कोपरावरचं रक्त बघून त्याने तिला पायरीवर बसवलं, वरून औषधांची पेटी आणली आणि जखम धुवायला घेतली. हात सराईत, चेहरा पांढराफटक.

"डोकं आपटलं का? आज वार कोणता?"

"शुद्धीवर आहे मी. वाळूत घसरले. मागचा टेम्पो वेळेत थांबला."

तो झटकन माझ्याकडे वळला आणि त्याने पुढचं चाक अंगठ्याने दाबून पाहिलं. धाकटी त्याच्याकडे बघत राहिली.

"पुढचं चाक गेलं हे मी सांगितलंच नाही," ती हळू म्हणाली. "तुझा हात नेमका तिथेच कसा गेला?"

त्याने अंगठा चाकावरून काढला. कापूस हातात तसाच.

"रोज तूच काढतोस हवा?"

"हो."

"का?"

"घरात बोलायचं नसतं ते."

"आपण घरात नाही. जिन्यात आहोत. बोल."

मग तो बोलला. धाकटीने सायकल सुरू केली त्याच आठवड्यात त्याने रस्त्यावरून एका बाईला उचललं होतं. तीही सायकलवरून कामाला निघालेली. "तिची पिशवी माझ्या पायाशी ठेवली होती. त्यातला डबा अजून गरम होता. माझ्या पोटरीला चटका लागत होता, सगळ्या रस्त्यात."

"वाचली का ती?"

"आम्ही हॉस्पिटलच्या दारापर्यंत पोचवतो. पुढचं आम्हाला कुणी सांगत नाही." त्याने नाक पुसलं. "तेव्हापासून प्रत्येक फोनला वाटतं, तूच आहेस. म्हणून हवा काढली. आणि आज मीच तुला त्या टेम्पोखाली घातलं असतं. चुकलं माझं."

धाकटीने त्याच्या हातातला कापूस घेऊन स्वतःच कोपरावर दाबला. मग म्हणाली, "दिवसभर लोक माझ्या कानात ओरडतात. बसमध्ये बसलं तरी ते कानातच असतात. सायकलवर ते नसतात. तेवढाच वेळ आहे रे मला. तो तूच काढून घेत होतास. खूप राग आलाय मला तुझा."

"येऊ दे."

"सायकल मी सोडणार नाही."

"नको सोडू," तो म्हणाला आणि चेहरा ओंजळीत धरून बसला. तिने त्याच्याकडे पाहिलं आणि ऑफिसच्या त्या गोड आवाजात म्हणाली, "आपली तक्रार नोंदवून घेतली आहे." तो हसला आणि हसता हसता त्याला रडू फुटलं.

वर दार उघडलं. सासूबाई चहाचे तीन कप घेऊन आल्या आणि त्याही पायरीवर टेकल्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं हे उघड होतं.

"मी घरात बोलू नका म्हटलं होतं," त्या म्हणाल्या. "बोलूच नका असं नव्हतं म्हटलं." त्यांनी दोघांच्या हातात कप दिले आणि त्या मुलाकडे वळल्या. "तुझे बाबा पुढे काही सांगायचेच नाहीत. मला वाटायचं, बरं झालं, विसरले. ते शेवटपर्यंत झोपेत ओरडायचे."

त्या दिवसापासून आमच्या जिन्यात गर्दी असते. संध्याकाळी तिघं पायरीवर बसतात, मी शेजारी असतेच. अर्धा तास बाहेरचं बोलणं, मग कप उचलून आत. तुम्हाला जाता-येता अडचण होते ती त्यामुळे. तेवढं सांभाळून घ्या.

तो अजूनही पहाटे माझ्यापाशी बसतो, पण पंप घेऊन. आता तर इतकी ठासून हवा भरतो की प्रत्येक खड्डा माझ्या थेट मणक्यात जातो. मी कुरकुरते, पण मनापासून नाही. त्याची भीती गेलेली नाही. ती अशी जाणारही नाही. परवा पुलावर मागून सायरन आला. धाकटी मला घेऊन कडेला थांबली. अँब्युलन्स सुसाट निघून गेली, आणि तिने घंटी एकदा वाजवली. त्या गोंगाटात कुणाला ऐकू जाणार?

संध्याकाळी तो पायरीवर म्हणाला, "सकाळी पुलावर होतीस."

"बघितलंस?"

"नाही. मी रस्ता बघत होतो. कडेला काहीतरी लाल उभं दिसलं."

"मग?"

"मग पुढे नीट चालवली गाडी."

तुमच्यापैकी जे चारचाकी हाकतात त्यांच्याकडे माझं एकच मागणं आहे. आमच्या शेजारून जाताना हातभर जागा सोडा. आणि घरी कुणी रोज मुकाट्याने तुमची हवा काढत असेल, तर त्याला जिन्यात बसवून विचारा.

चला, वर कडी वाजली. सासूबाई म्हणताहेत, "सावकाश जा गं." दोन्ही चाकं कडक आहेत, मी निघते.