डावा खिसा

खिशांवर बंदी येऊन आठ वर्षं झाली होती. सरकारचं म्हणणं सरळ होतं: ज्याच्या मनात काही नाही, त्याला लपवायला जागा कशाला हवी? तेव्हापासून माणसं किल्ल्या गळ्यात अडकवून आणि रुमाल मनगटाला बांधून हिंडत. हातांचं काय करायचं, ते मात्र सरकारनं सांगितलं नव्हतं. बसच्या रांगेत लोक ते कधी पुढे बांधत, कधी मागे, आणि शेवटी कंटाळून आपलीच नखं पाहत उभे राहत.

मास्तर पस्तीस वर्षं कोट शिवत आले होते. स्वभाव इतका भित्रा, की सरकारी गाडी गल्लीत शिरली तरी शिंक गिळायचे. बंदी आली त्याच दिवशी त्यांनी खिशांचे सगळे कागदी साचे जाळून टाकले होते. पण हातांना कोण समजावणार?

त्या सकाळी काजं-बटणं करणारी त्यांची बायको टेबलाखाली झाडत होती.

"अहो, हे काय?"

तिच्या चिमटीत अस्तराचं कात्रण होतं, एका कडेनं गोल कापलेलं. असं कात्रण खिसा बेतल्याशिवाय उरत नाही.

"काल कोणाचा कोट गेला?" तिनं विचारलं.

"तपासनीस साहेबांचा."

म्हणजे साऱ्या शहराची अंगं चाचपून चोरखिसे शोधणाऱ्या माणसाचा!

"अगं, रेडिओवर जुनं गाणं लागलं होतं. ऐकता ऐकता हात चालत राहिला..."

"पस्तीस वर्षांत मला साधी पिशवी शिवून दिली नाहीत, आणि त्या मेल्याला अस्तराचा खिसा!"

ती ओरडत होती, पण तिचा चेहरा पांढरा पडला होता. खिसा शिवणाऱ्याच्या दुकानाला टाळं लागायचं आणि त्याची रवानगी सुधारगृहात व्हायची. तिथून परतलेल्या एकाही शिंप्याला पुन्हा सुईत दोरा ओवता आला नव्हता.

"जा, कोट परत मागा. बाही आखूड झाली म्हणावं."

मास्तरांनी एका पायात चप्पल घातली तोच तपासनीस दारात दत्त म्हणून उभे. अंगात तोच कोट. त्यांनी शिपायाला बाहेर थांबवलं, दार लावलं आणि भिंतीवरच्या सरकारी कॅमेऱ्यावर आपली टोपी अडकवली. मास्तरांनी कोणी न सांगताच दोन्ही हात वर केले.

"हात खाली घ्या, मास्तर. कोटात दोष आहे."

"चूक झाली साहेब! माझ्या मनात काही नव्हतं, हा हातच मेला ऐकत नाही. आत्ता उसवतो!" मास्तर कात्री घेऊन पुढे सरसावले.

"खबरदार!" तपासनीस टुणकन मागे सरले आणि त्यांनी उजवी बाजू दोन्ही हातांनी झाकली, पोरं ताटातला खाऊ झाकतात तशी.

मग त्यांनी दाराकडे एकदा पाहिलं, खिशात दोन बोटं घातली आणि काहीतरी बाहेर काढलं. तांदळाच्या दाण्याहून थोडा मोठा, पांढरा दुधाचा दात.

"काल लेकीचा पहिला दात पडला. 'बाबा, सांभाळून ठेवा' म्हणाली. जपायची वस्तू नियमानं कचेरीत जमा करायला हवी. हात खाली सोडला, तर तो आपोआप आत गेला. आठ वर्षं दुसऱ्यांचे खिसे फाडतोय मी, मास्तर."

"मग दोष कसला साहेब?" बायकोनं विचारलं.

"डावीकडे खिसाच नाही. आणि तिचा दुसरा दात हलतोय."

एका खिशात दोन दात सहज मावले असते, पण हे बोलून दाखवण्याइतके मास्तर मूर्ख नव्हते. त्यांनी कोट टेबलावर पसरला, खडू उचलला. आज रेडिओ बंद होता आणि सवयीवर ढकलायची सोय नव्हती. तरी रेघ सरळ आली. मास्तरांना स्वतःचाच फार अभिमान वाटला.

बायकोनं अस्तर ताणून धरलं आणि खडूच्या रेघेकडे पाहून नाक मुरडलं.

"जरा खोल घ्या की! पोरीचे अजून अठरा बाकी आहेत."