निळे ॲप्रन, जुन्या ओढण्या

टिक्. इस्त्रीचा लाल दिवा विझला आणि एवढ्याशा आवाजानं पहाटेची शांतता हलली. वर्षालीनं वळून पाहिलं. पाच वर्षांची विजू नुसती कूस बदलून पुन्हा झोपेत गेली. वर्षालीनं शेवटच्या निळ्या ॲप्रनची घडी घातली आणि पोरीच्या कपाळावरचे केस हलकेच मागे सारले.

आज काम कुणाला द्यायचं ते ठरवणारी समिती येणार होती. कुरुळीचं पाळणाघर म्हणजे तिघांचा संसार. खोली ग्रामपंचायतीची, खर्च आसपासच्या कारखान्यांचा आणि राबणारे हात वर्षालीच्या बचत गटाचे. पहिल्या शिफ्टच्या बसआधी कुलूप उघडायचं, हा गटाचा नेम. कामाला जाणाऱ्या आया पोरासोबत आपली वापरलेली ओढणी ठेवून जायच्या आणि दुपारी पोर तिच्यात नाक खुपसून झोपायचं. पण आता मुदत संपली होती, नवं टेंडर निघालं होतं आणि शहरातली एक चकचकीत कंपनी त्यात उतरली होती. त्यांच्याकडे कॅमेरे होते, आईच्या मोबाइलवर पोराचा फोटो यायचा. काम हातचं गेलं असतं तर गट मोडला असता. पोरीला सोबत घेऊन ये, असं दुसऱ्या कुठल्या कामावर वर्षालीला कोण म्हणणार होतं?

म्हणून आपणही कंपनीसारखं दिसायचं, असं तिनं आणि फरीदानं ठरवलं. ॲप्रन शिवून घेतले, टोप्या आणि मास्क आणले. फरीदा म्हणजे चाकणच्या गॅरेजवाल्या जहीरची बायको, गटाचा दुसरा खांब. आरशात बघून ती म्हणाली, "निकाहलासुद्धा एवढी नटले नव्हते गं."

एक गोष्ट मात्र दोघी साफ विसरल्या. मागच्याच आठवड्यात याच खोलीत असेच निळे ॲप्रन आणि मास्क घातलेल्या नर्सनी पोरांना लस टोचली होती.

पहिल्या पोरानं दारातून निळा ॲप्रन आणि मास्क पाहिला आणि आपली मांडी घट्ट धरून टाहो फोडला. त्याचं बघून दुसऱ्यानं, मग सगळ्यांनीच. एक जण टेबलाखाली शिरला. नेमके त्याच वेळी समितीतले दोघे, पंचायतीचे सोपानराव आणि कारखान्यांच्या वतीनं आलेल्या मोनिका मॅडम, दारात उभे राहिले.

फरीदानं मास्क ओढून फेकला. वर्षालीनं पोरांच्या पिशव्यांतल्या ओढण्या भराभर काढल्या, कुणाची कमरेला, कुणाची खांद्यावर, ॲप्रन दिसेनासा होईस्तोवर बांधून घेतल्या. पोरं हुंदके देत, हुंगत जवळ आली. एक मात्र चुकून मॅडमच्याच पायाला बिलगलं. वर्षालीनं त्याच्या आईची ओढणी मॅडमच्या खांद्यावर टाकली, त्यांनी पोराला उचललं, आणि रडून दमलेला तो जीव तिथंच झोपला.

आता मॅडमना बसता येईना, कुणाला मोठ्यानं बोलता येईना. सगळी बैठक उभ्यानं, कुजबुजीत झाली. दोन गल्ल्यांपलीकडे ऐकू जाणाऱ्या आवाजाचे सोपानराव तोंडाशी हात धरून म्हणाले, "मॅडम, ती कंपनी नऊला उघडणार. आमच्या सुना तर अंधारात बस धरत्यात. पोरं काय रस्त्यावर ठिवायची?"

मॅडमनी दर विचारले, जेवण विचारलं, आईला फोटो पाठवता येतील का तेही विचारलं. येतील, जहीर शिकवेल, असं फरीदानं कुजबुजून सांगितलं. मॅडमनी झोपलेल्या पोराकडे पाहिलं, सोपानरावांकडे पाहिलं, त्यांची मान आधीच होकारार्थी हलत होती.

"काम तुमचंच," त्या अगदी हळू म्हणाल्या. "फक्त हे ॲप्रन बदला."

फरीदानं तोंडात पदर कोंबला, तरी हसू फुटलंच. पोरगं चुळबुळलं, सगळे श्वास रोखून उभे राहिले, आणि ते पुन्हा झोपल्यावर सोपानरावसुद्धा आवाज न करता, पोट धरून हसले.

संध्याकाळी घराच्या वाटेवर विजू आईचा हात झुलवत चालली होती. गेले कित्येक दिवस घरात टेंडरशिवाय दुसरा विषय नव्हता. ती मध्येच थांबली.

"आई, मला सांभाळायचं टेंडर तुलाच कसं काय मिळालं?"