सहा नंबरचं भात

भात संशोधन केंद्रात तिला सगळे पाणकोंबडी म्हणत. तोंडावरही म्हणत, आणि तिला त्याचं काही वाटत नसे. बावीस वर्षं ती तिथे मदतनीस होती. सिमेंटच्या टाक्यांत रोपं बुडवायची, दिवस भरले की बाहेर काढायची आणि किती जगली ते मोजायचं, हे तिचं काम. त्यातूनच सात वर्षं निवडत निवडत तिने एक बुटकं भात उभं केलं होतं. त्याला अजून नाव नव्हतं. सहा नंबरच्या वाफ्यात होतं, म्हणून सहा नंबर. शेजारच्या सात नंबरमध्ये केंद्रप्रमुखांचं स्वतःचं उंच भात होतं.

लावणीला महिना झाला आणि नदी बांध ओलांडून आत आली. पाणी चढलं तसं सात नंबर त्याच्याबरोबर चढलं. रोज चार-चार बोटं वाढून त्याने पानांची टोकं बाहेर काढली. प्रमुख बांधावर येऊन फोटो काढत. सहा नंबरच्या जागी नुसतं गढूळ पाणी होतं.

"तुमचं भात झोपलं वाटतं," प्रमुख म्हणाले.

"झोपू दे, सर. तेवढीच साखर वाचेल."

चौदाव्या दिवशी पाणी उतरलं. सात नंबरने साठवलेलं सगळं उंचीत घालवलं होतं. पाण्याचा आधार गेल्यावर लांबुडक्या काड्या जमिनीवर लोळल्या. सहा नंबरची पानं तपकिरी होऊन चिखलाला चिकटली होती. रस्त्यावरून बघणाऱ्याला दोन्ही वाफे सारखेच मेलेले दिसत.

प्रमुखांनी तिला बोलावलं. खोलीतली फरशी अजून ओली होती आणि खुर्च्यांवर फायली वाळत घातल्या होत्या, म्हणून ती उभीच राहिली. त्यांनी एक कागद पुढे केला. दोन्ही वाफ्यांतली सर्व रोपं पुरात मेली, नांगरायला हरकत नाही, असं त्यावर टाइप केलेलं होतं. वाफ्यांची नोंदवही तिच्याकडे असल्यामुळे सही तिची लागणार होती.

"सर्व मेली हे मी पाहिलेलं नाही," ती म्हणाली.

"डोळ्यांना दिसतंय की."

"डोळ्यांना पानं दिसतात, सर. मी बुडखे दाबून पाहिलेत. सहामधले चाळीस पाहिले, एकतीस घट्ट लागले. सातमध्ये चाळीसात चार."

हा दुसरा आकडा प्रमुखांना आवडला नाही. दोन्ही वाफे पुरात गेले असते, तर तुलनेचा प्रश्नच उरला नसता.

"दहा दिवसांनी वाण निवडायला समिती येतेय. त्यांना हा कुजका चिखल दाखवू?"

"दहा दिवस पुरे आहेत."

"तुमचं शिक्षण किती, ताई?"

"बारावी. भाताने अजून विचारलं नाही."

कागद टेबलावर ठेवून ती बाहेर आली. नोकरीला सात वर्षं उरली होती आणि आजवर तिने कुणाला असं उत्तर दिलं नव्हतं.

प्रमुखांनी सहीवाचूनच काम उरकायचं ठरवलं आणि ट्रॅक्टरवाल्या बाईला फोन केला. ही ट्रॅक्टरवाली म्हणजे पाणकोंबडीची सख्खी नणंद. एका घरात राहून दोघींचं विळ्याभोपळ्याचं सख्य होतं.

नणंद वाफ्याशी आली, तेव्हा पाणकोंबडी बांधावर उभी होती.

"वहिनी, बाजूला व्हा. मला हुकूम आहे."

"मी आडवी येत नाही. फक्त खाली उतर आणि एक बुडखा दाबून बघ. मग खुशाल नांगर."

नणंद कुरकुरत उतरली. पाणकोंबडीने एक रोप उपटलं, बुडखा नखाने उभा चिरला. आत तांदळाएवढा पांढराशुभ्र कोंब होता.

नणंदेने तो बराच वेळ पाहिला. "पाण्याखाली आहोत हे याला कळतं कसं? डोळे ना कान."

"पेशीत एक निरोप्या सतत तयार होत असतो. प्राणवायू असला की त्याला लगेच मोडून टाकतात. पाण्याखाली प्राणवायू सरतो, मग मोडणं थांबतं. तो टिकतो आणि आतल्या कारभारात जाऊन सांगतो, हवेवाचून भागवा. ते तर सगळ्याच भातांत होतं. ह्याच्यात आणखी एक आहे, तो वाढच थांबवतो. साखर जपून वापरतो."

"म्हणजे हे मेलं नव्हतं, दम धरून बसलं होतं."

"तेच मी वर सांगून आले."

नणंदेने हात विजारीला पुसले आणि फोन लावला. "सर, चिखल मांडीएवढा आहे. ट्रॅक्टर रुतला तर जबाबदारी कुणाची, तेवढं लेखी द्या. मी थांबते." पलीकडून बरंच काही ऐकू आलं. लेखी मात्र काही आलं नाही. ती ट्रॅक्टर वळवून घेऊन गेली. वहिनीकडे तिने पाहिलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवसापासून पाणकोंबडीला बरण्या धुवायला बसवलं. ती कामाच्या आधी एकदा आणि सुटल्यावर एकदा वाफ्यावर जाई. चौथ्या दिवशी उरलीसुरली हिरवी पानंही करपली. इतके दिवस हवा नसलेल्या रोपाला एकदम मिळालेली हवाही भाजते, हे तिला ठाऊक होतं. तरी त्या संध्याकाळी तिला घास गेला नाही. नणंदेने तिचं ताट झाकून ठेवलं.

सातव्या सकाळी करपलेल्या पानांच्या मधून सुईसारखी हिरवी टोकं वर आली होती. तिने नोंदवही काढली आणि ओळ धरून मोजायला बसली.

समिती आली तेव्हा प्रमुख त्यांना सरळ इमारतीकडे नेऊ लागले. पाणकोंबडी रस्त्यावर पुढे झाली. तिचे पाय घोट्यापर्यंत चिखलात माखलेले होते.

"सहा नंबर चौदा दिवस बुडालं होतं," ती म्हणाली. "तीनशेपैकी दोनशे अकरा रोपं फुटलीत. सात नंबरमध्ये एकोणतीस. मोजून घ्या, मी थांबते."

समितीतल्या वयस्कर बाईंनी बूट काढले आणि वाफ्यात उतरल्या. तीन ओळी स्वतः मोजल्या. वही पाहिली.

"ही निवड कुणाची?"

प्रमुख घसा साफ करत होते. "केंद्राची," ते म्हणाले.

"माझी," पाणकोंबडी म्हणाली. "वहीत सात वर्षांच्या तारखा आहेत."

बाईंनी तारखा उलटून पाहिल्या आणि अहवालात तिचं नाव पहिलं लिहायला सांगितलं. प्रमुखांनी मान हलवली. बरण्या धुण्याचं काम त्यांनी काढून घेतलं नाही, आणि ते काढा असं तिने म्हटलंही नाही. दुपारपर्यंत बरण्या उरकून ती टाक्यांवर जाऊ लागली. सगळ्यांत मोठी टाकी घासून तिने तीत सहा नंबरची नवी रोपं ठेवली आणि पाणी सोडलं. पाटीवर खडूने लिहिलं, दिवस अठरा.

"अठरा जरा जास्त होत नाहीत का?" तिथून जाताना प्रमुखांनी विचारलं.

"बघू की," ती म्हणाली आणि नळ आणखी मोठा केला.