कवाड नसलेलं दार

आश्विनातली निरभ्र दुपार. हळदुलं ऊन, कृष्णेवरून येणारा शीतळ वारा, आणि वाईतल्या त्या बैठ्या घराची कोरी मधली भिंत. शुभ्र भिंत, मुकी भिंत, खिडकीतून येणारं दुपारचं सगळं ऊन अंगावर घेऊनही थंडच राहणारी भिंत. तिथे पूर्वी दार होतं.

दोघा भावांनी घराची वाटणी केली आणि मधलं दार विटांनी बुजवलं. भांडण पुरुषांचं, अबोला मात्र बायकांच्या पदरात पडला. अलीकडे धाकटी हेमलता, पलीकडे थोरली जाऊ मंदाताई. पुढे थोरले दीर गेले. ताई पलीकडे एकट्याच रांधत, एकट्याच जेवत, आणि अलीकडे हेमलतेचा घास घशात अडे. तिला दुसरं काही नको होतं, तिला ताई हव्या होत्या. पण आधी पाऊल टाकायचं कुणी? मानपान मेला आडवा येतो तो इथेच.

हेमलतेची लेक ऋजुता शिकायला जपानात. तिने घर सजवायला एक भलंथोरलं कापडी चित्र पाठवलं. धुक्यात बुडालेलं निळंसावळं तळं, आणि त्या निळाईत उभी शेंदरवर्णी, धीरगंभीर कमान. दोन खांब, माथ्यावर दोन आडव्या तुळया, बस्स. तिकडे देवस्थानापुढे अशी कमान असते आणि तिला कवाड कधी लावत नाहीत, असं लेकीने फोनवर सांगितलं. ते ऐकलं आणि हेमलतेने चित्राची जागा ठरवून टाकली, बुजवलेल्या दारावरच.

नवऱ्याने, माधवरावांनी, वीतभर लांब खिळा धरला आणि हातोडा हाणला. बुजवलेलं दार एकेरी विटांचं आहे, हे स्वतः उभं राहून बुजवून घेणारे माधवराव साफ विसरले. खिळा आरपार गेला. पलीकडे धप्पकन काहीतरी पडलं आणि माधवराव गोरेमोरे झाले.

चित्र मात्र लागलं. शेंदराने खोली उजळली, निळाईने निवली. हेमलतेला इतका आनंद झाला की तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. दार म्हटलं की रांगोळी आलीच. तिने सवयीने कमानीच्या पायथ्याशी, लादीवर, रांगोळी रेखली, हळदकुंकू वाहिलं. चित्राला कुणी हळदकुंकू वाहतं का, म्हणून माधवराव हसले. तिने लक्षच दिलं नाही.

तेवढ्यात पुढच्या दारातून मंदाताई आत आल्या. हातात पातेलं, पातेल्यात भात, भातावर गिलाव्याचा ढपला. तणतणत आलेल्या ताई, चार शब्द सुनावायला आलेल्या ताई, कमानीपुढे आल्या आणि थबकल्या. शेंदरी खांब, निळं पाणी, पायाशी ताजं कुंकू.

"हे कुठलं गं दार?"

"जपानचं," हेमलता म्हणाली. "याला कवाड नसतं, ताई."

ताईंचा राग कुठल्या कुठे गेला. त्यांनी पातेलं खाली ठेवलं आणि पदराने डोळे टिपले.

"माझा भात तर गेला," त्या म्हणाल्या. "आता वाढ मला."

हेमलतेने पाट मांडले. वाढायला माधवराव, मुकाट्याने. वाफाळता भात, पिवळंधमक वरण, वर तुपाची धार. आणि शेंदरी कमानीखाली मांडीला मांडी लावून दोघी जावा जेवल्या, सावकाश जेवल्या, पोटभर जेवल्या.