वाळलेल्या भिंतीचा रंग

सोमवारी रंगारी येणार होता. रंभाच्या मुलाने, राघोने, सांगून टाकलं होतं, "आये, पडवीच्या भिंतीला तुला पाहिजे तो रंग सांग. नायतर सगळीकडे क्रीम मारतो."

रंभाला धरणात गेलेल्या घराचा रंग पाहिजे होता. तो रंग ज्या मातीचा, ती ओढ्याकाठच्या एकाच खड्ड्यातून यायची. घराबरोबर ओढा गेला, खड्डाही गेला.

म्हणून रविवारी नात अक्षदा तिला शहापुरात घेऊन आली. अक्षदा तिथल्या कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायची. तिने पडद्यावर रंगाची खिडकी उघडली. लाल, हिरवी, निळी अशा तीन पट्ट्या, प्रत्येकीवर सरकणारी खुंटी, शेजारी आकडा. खाली एक चौकोन, मधोमध दोन भाग केलेला.

"डावीकडे आधीचा रंग राहतो, उजवीकडे आपण बदलू तो," अक्षदा म्हणाली. "पटला की 'ठीक' दाबायचं, मग दोन्हीकडे तोच होतो. आकडे दिले की दुकानदार त्याच्या जवळचा रंग काढून देईल."

"तिनांत सगळे रंग होतात?"

"सगळे."

"आमी एका मातीत भागवलं गो."

माउस आधी तिच्या हाताखालून निसटत राहिला. मग तिला अंदाज आला. मातीत पाणी घालावं तशी ती खुंट्या जरा जरा सरकवू लागली. चौकोन जांभळट झाला, विटकरी झाला, आणि एकदम गडद तांबूस. रंभाचा हात थबकला. घमेल्यात कोपरापर्यंत हात घालून कालवलेला चिखल तिच्यासमोर होता. दिवाळीआधीचं ऊन, अंगणात नवरा खाटेला दोर आवळतोय.

"हाच," ती म्हणाली. अक्षदाने 'ठीक' दाबलं. दोन्ही भाग तांबूस झाले.

"लिहून घेऊ आकडे?"

"थांब. वाळू दे."

अक्षदा हसली. मग आजीच्या तोंडाकडे बघून म्हणाली, "आजे, हा नाय वाळत."

रंभा बघत राहिली. चिखल ओलाच होता. आणि वाळलेली भिंत तिला काही केल्या आठवेना. माती कालवणं तिचं काम. ओला रंग बघूनच ती पाणी थांबवायची. भिंत सारवायची धाकटी जाऊ बाईजा. वाळली की लांब उभी राहून कुठं फिकी, कुठं दाट हे बाईजाच बघायची. पंचवीस वर्षं त्या भिंतींत राहून रंभाने त्यांच्याकडे नीट पाहिलंच नव्हतं. घर गेलं तेव्हा बाईजाची माणसं मुरबाडकडे गेली, ही इकडे आली.

"बाईजाला फोन लाव," ती म्हणाली.

बाईजाने आधी पायाचं दुखणं सांगितलं, मग म्हशीचं. मग म्हणाली, "रंग इचारतेस? तुझ्या चिखलात गोटे राहायचे, ते आधी आठवतात मला."

"गोटे ठेव तिकडं. वाळली का कशी दिसायची?"

"फिकी व्हायची. पण पांढरी फटक नाय. तांदळाच्या भाकरीला तवा जास्त लागला का डाग पडतो बघ. तसली."

रंभाने तिन्ही खुंट्या उजवीकडे नेल्या. "भाजलेली का करपलेली?"

"तुझी करपायची. माझी सांगते मी."

रंभाने लाल आणखी थोडा पुढे केला, निळा मागे घेतला. उजवा भाग हळूहळू उजळला. उंबऱ्याशेजारी, संध्याकाळी नवरा जिथे पाठ टेकायचा, तिथली भिंत. डावीकडे तिच्या हातातला चिखल, उजवीकडे बाईजाची वाळलेली भिंत, मध्ये एक रेघ.

"आजे, क्लास बंद करायचाय," अक्षदा म्हणाली. "ठीक दाबू?"

"दाबू नको. डावीकडचा जाईल."

तिने वही ओढली. साक्षरता वर्गात पन्नाशीला गिरवलेले आकडे तिने एकेक करून मांडले. एकशे शहाण्णव. एकशे अठ्ठेचाळीस. एकशे बारा.

फोन चालूच होता. "बाईजा, भिंतीला हा रंग लावणार उद्या. तू ये."

"दुकानातला रंग, रंगारी लावणार. माझं काय काम तिथं?"

"वाळताना बघायला कोण आहे मला?"

पलीकडे म्हैस ओरडली.

"किन्हवलीवरनं येते ती सकाळची गाडी," बाईजा म्हणाली, "अजून चालू आहे का गो?"

"चालू आहे," रंभा म्हणाली, आणि तिने आपल्याच हाताने 'ठीक' दाबलं.